छ्यासाहेब आणि नांगरलेली वाट

पडीक जागा बघवत नाही, हा आमच्या खानदानाचा रोग आहे. बांधाच्या कडेला हातभर मोकळं दिसलं की वडील तिथं तूर टोचायचे. मी शेती सोडून परतूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजायला लागलो, तरी रोग गेला नाही. तो कॉम्प्युटरात उतरला.

जिनिंगच्या ऑफिसनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी घरी आणला होता. त्यात एक जुनी हार्ड डिस्क होती आणि माझ्या मावसभावानं शेजारी दुसरी, नवी बसवून दिली होती. आमचं सगळं काम नवीवर चालायचं. जुनीवर होतं काय? कुठल्याशा हंगामाचे हिशेब, जुनं विंडोज, पत्त्यांचे खेळ आणि चमत्कारिक नावांच्या काही फाइली, ज्या उघडतसुद्धा नव्हत्या. म्हणजे पडीकच. एका रविवारी सकाळी, बायको नळाला पाणी भरत होती तेवढ्यात, मी ती साफ करायला घेतली. लपलेल्या फाइलीही दिसायला लागतात अशी युक्ती कुणीतरी शिकवली होती, तीही वापरली. मशीननं दोन-तीनदा विचारलं, ही फाइल कामाची आहे, खरंच काढायची का? मी मनात म्हटलं, बाबा रे, तुझ्या जन्माआधीपासून तण उपटतोय मी. होय, होय, होय. डिस्क आरशासारखी लख्ख झाली. मग नांगरट झाल्यावर कौतुकानं मागं वळून बघावं, तसं मी मशीन एकदा बंद करून चालू केलं.

ते चालू झालं नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ आली: अमुक सापडत नाही, तीन बटणं दाबून पुन्हा सुरू करा. मी ती बटणं इतक्या वेळा दाबली की बोटं दुखायला लागली. ओळ जागची हलली नाही.

आता घाम फुटण्याचं कारण सांगतो. त्या मशीनमध्ये मंगलचा, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचा, एम.फिल.चा प्रबंध होता. विषय होता शेतांची नावं. आपल्याकडं वावराला नाव असतं ना, चिंचेचं, बारवेचं, भुताचा तुकडा, सवतीचा पट्टा, ती परतूर आणि मंठ्याकडची नावं तिनं गावोगाव फिरून गोळा केली होती. पोरं लहान असताना सुटलेलं शिक्षण तिनं चाळिशीत पुन्हा धरलं होतं. शुक्रवारी विद्यापीठात प्रत द्यायची होती. फ्लॉप्या होत्या, पण त्या धुळीनं कधीच मेल्या होत्या. म्हाताऱ्यांची बोलणी टेप केलेल्या कॅसेटी होत्या, पण त्यांच्यावर मी मेहुणीच्या हळदीतली गाणी भरली होती. रिकाम्या वाटल्या मला त्या. शेवटची दोन प्रकरणं त्या मशीनशिवाय पृथ्वीवर कुठंच नव्हती.

मंगल पाण्याची घागर ठेवून आत आली. "काय झालं?" म्हणाली. मी म्हणालो, "लाइट गेली वाटतं मधीच. मी काहीच केलं नाही."

हेच वाक्य मला दुसऱ्या दिवशी जन्मभर पुरेल एवढं महाग पडणार होतं.

त्या संध्याकाळी गल्लीतला कॉम्प्युटर क्लासवाला येऊन गेला. त्यानं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि हसत म्हणाला, "काही टेन्शन नाही काका, सगळं फॉरमॅट मारून देतो. नवं कोरं होईल." मी 'मारा' म्हणणारच होतो. मंगल मधे उभी राहिली. "म्हणजे माझं लिहिलेलं?" तो म्हणाला, "ते जाईल ना." फोडणीत मोहरी जाईल ना, इतक्या सहज. तिनं त्याला चहासुद्धा विचारला नाही. जाता जाता त्यालाच काय दया आली कोण जाणे, म्हणाला, "मग जुन्या जालन्यात छ्यासाहेबांकडं न्या. पण शिव्या खायची तयारी ठेवा."

शिव्या ते देत नसत. ती अफवा होती. ते फक्त 'छ्या' म्हणत, आणि त्यापुढं शिवी आशीर्वाद वाटावी.

टेलिफोन खात्यात लाइनी दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. स्वेच्छानिवृत्ती घेऊन त्यांनी जुन्या जालन्यात, धान्य-मिरचीच्या एका ठोक दुकानावरच्या माडीत कॉम्प्युटरचं दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. पाटी नव्हती. "ज्याला गरज हाय तो जिना हुडकतो," हे त्यांचं म्हणणं. खालून मिरचीचा नाकात झोंबणारा खाट यायचा, त्यामुळं गिऱ्हाईक वर शिंकतच पोचायचं. पिळदार अंग, पांढरा मनिला शर्ट, आणि मनिल्याच्या गुंडीला दोरीनं बांधलेला स्क्रू-ड्रायव्हर. बोलताना ते माणसाकडं बघत नसत. मशीनकडंही बघत नसत. दोघांच्या मधल्या हवेकडं बघत, जणू तिथंच काय ती लायकीची गोष्ट असावी.

जगातल्या बहुतेक गोष्टी त्यांच्या नजरेतून उतरल्या होत्या. कॉम्प्युटरला झालरीचं कव्हर शिवणारे लोक: "छ्या. म्हशीला झूल." दसऱ्याला मॉनिटरला हार घालणारे: "हार घातला की मला वाटतं, गेला." साखरेचा चहा, इन्व्हर्टरचे एजंट, परतूरची माणसं, औरंगाबादची माणसं, कव्हरेज शोधत गच्चीवर चढणारे मोबाइलवाले. "हे खुळखुळे हायत," ते सांगायचे, "लाइन म्हणजे तार. तार न्हाई तर बोलणं कुठून जाणार? दोन वर्षांत बंद पडतेत का न्हाई बघा." ह्या बाबतीत ते किती बरोबर निघाले, ते वाचकांच्या खिशातच आहे. पण चुकलो, हा शब्द त्यांच्या तोंडी कुणी ऐकला नाही. मोबाइल गल्लोगल्ली झाले तेव्हा ते म्हणाले, "लोकं घसरली, त्याला मी काय करू?"

तर सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही निघालो. सीपीयू गोधडीत गुंडाळून मंगलनं मांडीवर घेतला होता. समोरच्या बाईनं विचारलं, "लेकरू आजारी हाय का?" मंगल म्हणाली, "हो." जालना येईपर्यंत तिनं ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.

माडीत गेलो. त्यांनी मला मोडक्या स्टुलावर बसवलं. मशीन उघडलं नाही, नुसतं वायर लावून चालू केलं आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग हवेला विचारलं, "काय केलं?"

"काहीच नाही केलं," मी म्हणालो.

"छ्या. पाव्हणे, काहीच न करणारा माणूस ह्या जिन्यानं वर येत न्हाई. काल सकाळपासून सांगा. काय केलं ते नगं, कशाच्या आधी काय केलं ते सांगा."

ही त्यांची पद्धत होती. मशीन उघडायच्या आधी माणूस उघडायचा. टेलिफोनच्या दिवसांत कुणी 'फोन बंद आहे' म्हणून तक्रार केली, तर ते फोनकडं न जाता घरातल्या म्हातारीला विचारायचे, काल कुणी खिळा ठोकला का? भिंतीतली तार तिथंच तुटलेली सापडायची. बिघाड मशीनमध्ये नसतो, माणसाच्या आदल्या दिवसात असतो, असा त्यांचा सिद्धान्त होता.

"सकाळी लाइट गेल्ती," मी सुरुवात केली, "मग..."

"छ्या! लाइटीनं डिस्क गेली असती तर आवाज येतो कडकड. ह्या दोन्ही गुपचूप फिरून राह्यल्या. पुन्हा पह्यल्यापासून."

मंगल माझ्याकडं वळली. "लाइट कधी गेली हो? काल तर दिवसभर होती. मी वाटण मिक्सरमध्येच केलं ना."

खालच्या दुकानात कुणीतरी जोरात शिंकलं. मला वाटलं, आपणही खाली जाऊन मिरच्यांच्या पोत्यांत बसावं.

मग मी सांगितलं. आधी पुटपुटत, मग भडाभडा. जुनी डिस्क, पडीक, साफसफाई, लपलेल्या फाइली, होय होय होय. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की हे सगळं मी छ्यासाहेबांना सांगत नसून बायकोला सांगतोय. तिचा चेहरा मी बघितला नाही. तेवढी अक्कल होती.

"जुनीवर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. फालतू."

"फालतू कुणी ठरवलं?"

मी स्टुलाचा मोडका पाय चाचपला.

"मशीननं इचारलं व्हतं का, खरंच काढू का म्हणून?"

"विचारलं होतं."

"कितींदा?"

"दोन-तीनदा."

"छ्या," ते म्हणाले, पण ह्या वेळी फार हळू, मयताच्या घरी बोलावं तसं. "मशीनला तुमच्यापेक्षा तुमची काळजी."

मंगलनं मग स्वतःच विचारलं. आवाज खणखणीत होता, हात मात्र गोधडीची कड चुरत होते. "काका, माझं लिहिलेलं गेलं का? तेवढं एक सांगा. असेल ते सांगा."

त्यांनी पहिल्यांदा हवेवरून नजर काढली आणि तिच्याकडं पाहिलं.

"बाई, वावर जाग्यावर हाय. पीक उभं हाय. ह्यांनी वाट नांगरली."

आम्हाला कळलं नाही हे बघून त्यांना आणखी कंटाळा आला, पण तिच्यासाठी त्यांनी फोड करून सांगितली. मशीन चालू झालं की ते आधी पहिल्या डिस्कवर जातं. इथं पहिली म्हणजे जुनी. दुसऱ्या डिस्कवर नवं विंडोज टाकलं, तरी त्याच्याकडं जायची वाट जुनीवरूनच ठेवलेली असते. चमत्कारिक नावांच्या त्या दोन-तीन फाइली म्हणजे ती वाट. "जुन्या वावरात पीक न्हाई म्हणून ह्यांनी नांगर घातला. त्यातून गाडीवाट जाती हे बघितलंच न्हाई. आता तुमचं सोन्यासारखं वावर पलीकडं उभं हाय, अन् बैलगाडी बांधावर."

मंगलनं इतका मोठा श्वास सोडला की गोधडीतली धूळ उडाली. आणि मी, शेतकऱ्याचा मुलगा, वाट नांगरणाऱ्या माणसाला गावात काय म्हणतात ते लहानपणापासून ऐकलेला, स्टुलावर आणखी थोडा लहान झालो. तुम्हाला ठाऊकच असेल, आपल्याकडं माणूस एक वेळ चोरी केलेली सोसतो, वाट नांगरलेली सोसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद होतं.

पुढचं काम त्यांनी असं केलं की बघणाऱ्याला ते काम वाटूच नये. विंडोजची सीडी घातली, काळ्या पडद्यावर काहीतरी खडखड टाइप केलं, सीडीतून त्या फाइली उचलून जुन्या डिस्कवर ठेवल्या, 'घर पलीकडल्या डिस्कवर हाय' असं मशीनला समजावणारी एक ओळ लिहिली. मशीन बंद केलं, चालू केलं. पडदा काळा. मंगलनं डोळे मिटले. मीही मिटले, पण भीतीनं नव्हे, लाजेनं. मग विंडोजची ती सुरुवातीची टिंगटिंग वाजली.

"छ्या," छ्यासाहेब म्हणाले. "एवढ्यासाठी रेल्वेनं आले."

मंगलनं घाईघाईनं फाइल उघडली. प्रकरण चार होतं. प्रकरण पाच होतं. ती एकेक पान खाली सरकवत होती आणि छ्यासाहेब तिच्या खांद्यामागून वाचत होते. मला वाटलं, आता हिच्या प्रबंधालाही म्हशीची झूल म्हणणार. तसं झालंच. "वावरांची नावं! ह्याला डिग्री देतेत? छ्या. माणसाला धड नावं न्हाईत."

आणि मग, जरा वेळानं, "मंठ्याकडची हायत का ह्यात?"

"आहेत ना काका. तुमचं गाव तिकडलं?"

त्यांनी गाव सांगितलं. ती यादीत शोधायला लागली. त्या गावची पाच-सहा नावं होती.

"आमचं न्हाई ह्यात," ते म्हणाले.

"सांगा ना. आत्ता घालते."

"राहू द्या."

"सांगा हो. काय नाव?"

ते स्क्रू-ड्रायव्हरची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "पह्यलं 'वाटंवरची' म्हणायचे. गावातून निघालं की पह्यली आमचीच जमीन लागायची. वाटण्या झाल्या. पुढचा तुकडा धाकल्या भावाला गेला, मागचा मला. त्यानं एक साल वाट नांगरून कपाशी लावली. आता 'आंधळी' म्हणत्यात. चारी बाजूंनी दुसऱ्याचं, जायला वाट न्हाई. पडीक हाय."

"मग तुम्ही काही केलं नाही?" हे मी विचारलं. मूर्ख प्रश्न विचारण्याचा मान त्या दिवशी माझाच होता.

"काय करणार? तहसीलला अर्ज? सख्ख्या भावावर? छ्या."

"त्यांना नुसतं म्हणायचं, वाट दे म्हणून," मंगल म्हणाली.

"वाट मागू? धाकल्याला? म्या?" त्यांनी पुन्हा मधल्या हवेकडं पाहायला सुरुवात केली. "त्याला दिसत न्हाई व्हय, वाट कुठून व्हती ते?"

मंगलनं तिथंच, त्यांच्याच टेबलावर बसून, दोन्ही नावं टाइप केली. 'वाटेवरची (जुने नाव), आंधळी (सध्याचे).' त्यांनी वाचलं. "'वाटंवरची' लिव्हा. 'वाटेवरची' न्हाई म्हणत आमच्याकडं." तिनं दुरुस्त केलं. शुक्रवारी प्रत गेली.

प्रबंध मंजूर झाल्यावर मंगल त्याची बांधीव प्रत त्यांना द्यायला गेली. ऋणनिर्देशात त्यांचं नाव होतं, माझं नव्हतं. मी विचारलं नाही का नाही ते. छ्यासाहेबांनी ते पान वाचलं. "'मोलाचे सहकार्य.' छ्या. सोसायटीच्या चेअरमनला लिव्हतेत असं." पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो प्रबंध त्यांच्या मॉनिटरखाली दिसला. मंगलचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "मान दुखत व्हती. आता उंची बराबर झाली. कामाचं पुस्तक हाय."

नंतरची बरीच वर्षं आम्ही त्यांच्याकडं जात राहिलो, कधी मशीन घेऊन, कधी उगाच. माझं स्वागत ठरलेलं होतं. मी जिन्यात दिसलो की ते खालच्या दुकानदाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "पाव्हणे, आज काय नांगरलं?" मंगलला मात्र 'बाई, बसा' असायचं. एकदा तिनं धीर करून विचारलं, "काका, भावाशी बोललात का?" तर म्हणाले, "त्याचा फोन नंबर न्हाई." हे टेलिफोन खात्यात हयात घालवलेला माणूस म्हणत होता.

हळूहळू माडीवर धूळ साचली. लोक लॅपटॉप घेऊन चकचकीत काचेच्या दुकानांत जायला लागले, तिथं त्यांना कुणी छ्या म्हणत नव्हतं. छ्यासाहेबांनी दुकान आवरलं आणि गावी जाऊन राहिले. गावातल्या घरी. वावराकडं नाही. तिकडं जायला वाट कुठं होती?

आणि एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. मोबाइलवर. साहेब गेले.

आम्ही मंठ्याहून मिळेल त्या गाडीनं गावात पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांना त्यांच्याच वावरात नेलं होतं, आमच्याकडं शेतकऱ्याला नेतात तसं. मंगल म्हणाली, "मला बघायचंय." मुलगा आम्हाला घेऊन निघाला. गावकूस संपलं, डोक्याएवढी वाढलेली, बोंडांनी लगडलेली कपाशी लागली, आणि त्या कपाशीतून सरळ एक पट्टा उपटलेला होता. चार खांदेकरी आरामात चालतील एवढा रुंद. उपटलेली झाडं दोन्ही कडांना पडली होती. बोंडं अजून हिरवी होती.

पट्ट्याच्या तोंडाशी एक माणूस उकिडवा बसला होता. तसाच पिळदार, तसाच पांढरा मनिला, नुसती गुंडीला दोरी नव्हती. हा धाकटा भाऊ हे सांगावं लागलं नाही.

"म्याच उपटली," तो कुणीही न विचारता म्हणाला. "राती सगळे म्हणले, तिकडल्या बांधानं फिरवून नेऊ. म्या म्हणलं, न्हाई. इथूनच व्हती वाट. इथूनच न्यायचं." मग जरा थांबून, मातीचं ढेकूळ बोटांनी फोडत, "एक बार म्हणायचं व्हतं त्यानं. एक बार. म्या न्हाई म्हणलो असतो का? रोज वाट बघून राह्यलो, आज म्हणंल, उद्या म्हणंल."

मंगल त्याच्याजवळ थोडा वेळ उभी राहिली. मग त्या वाटेनं चालत पलीकडच्या तुकड्यापर्यंत गेली आणि परत आली. तिच्या पदराला कपाशीची पानं चिकटली होती, ती तिनं झटकली नाहीत.

परतीच्या गाडीत बसलो. मला राहवेना. माझा तो जुना रोग, मोकळी जागा दिसली की काहीतरी पेरायचं. मी म्हणालो, "काही म्हण, शेवटी त्यांना वाट मिळाली."

ती खिडकीबाहेर बघत होती. माझ्याकडं वळलीसुद्धा नाही. मधल्या हवेला म्हणाली,

"छ्या! दोन पावलांच्या वाटेसाठी मरावं लागतं का माणसाला?"